दुसऱ्याची आई

गरिबांना सरकारतर्फे मिळणाऱ्या वकीलबाईंकडे त्या महिन्यात एकशे चाळीस खटले होते. कलमं तीच, पोलिसांची भाषाही तीच. म्हणून बाई प्रत्येक फायलीवर त्या माणसाच्या घरची एक गोष्ट पिवळ्या चिठ्ठीवर लिहून चिकटवत. ‘मुलगी तोतरी.’ ‘छपरावर कबुतरं.’ तेवढ्यावरून आख्खा माणूस डोळ्यांपुढे उभा राही. नणंद म्हणायची, “वहिनी, तुमच्या डोक्यात एवढी माणसं राहतात, मी टेकू कुठे?”

दुपारी कोर्टात पंखा संथ घरघरत होता. ऊन फायलींवर सायीसारखं साचलं होतं. बाईंचे डोळे जड झाले. कबुतरं उठून तोतऱ्या मुलीच्या खांद्यावर बसली, कोण कुणाच्या अंगणात उभं आहे तेच कळेना.

पुकारा झाला. आरोपी इस्त्रीवाला, चोरीच्या संशयावरून दोन महिने आत. आज जामीन हुकला तर पुढची तारीख थेट दीड महिन्याने.

“घरी कोण?” न्यायाधीशांनी विचारलं.

बाईंनी चिठ्ठी वाचली. “आंधळी आई, साहेब. हा नसला तर तिला घोटभर पाणी द्यायला कुणी नाही.”

इस्त्रीवाला मागून खाकरला. “बाई, माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली.”

हशा पिकला. वाऱ्याने सुटलेली चिठ्ठी बाईंनीच डुलकीत भलत्या फायलीवर दाबली होती. समोरचे सरकारी वकील म्हणाले, “बाई आता आयासुद्धा वाटायला लागल्या!”

बाईंचे कान तापले. “चुकले, साहेब. पाच मिनिटं द्या.”

त्या पिंजऱ्याशी गेल्या. “आता नीट सांगा. घरी कोण?”

“सासरे. बायको गेली, ते माझ्याकडेच राहिले. पायातलं बळ गेलंय. शेजारीण जेवण देते, पण अंघोळ माझ्याच हातची लागते. दुसरं कुणी गेलं की साबण फेकून मारतात.”

बाईंनी ते साबणासकट साहेबांना सांगितलं.

“ठीक. सासऱ्यांना जामीन राहायला उद्या इथे आणा.”

“आणतो की, साहेब,” इस्त्रीवाला म्हणाला. “पाठीवर घेऊन येईन. पण त्यासाठी आधी मला सोडावं लागेल.”

साहेबांचं पेन थबकलं. ओठ दाबत त्यांनी लिहिलं: स्वतःच्याच हमीवर, जातमुचलक्यावर सुटका.

लगेच पुढचा पुकारा झाला. बाई उठल्या, बोलू लागल्या. पण मधूनच त्यांना एक अंधारी न्हाणी दिसे, वाफ दिसे, आणि म्हाताऱ्या पाठीवरून सावकाश उतरणारं पाणी.