मुट्टबेडी

करंटअण्णा कुठल्याही तारेला आधी उलटा हात लावायचे. लेकराला ताप आहे का बघताना आई बोटांची मागची बाजू कपाळाला टेकवते, अगदी तसा. त्याआधी मेनचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकलेला असे, वायर जोडलेल्या तपासणीच्या दिव्याने तार दोनदा तपासलेली असे, तरी तो उलटा हात चुकत नसे. "तार खोटं बोलती," म्हणायचे, आणि मग एक लांब सुस्कारा.

सुस्कारे त्यांचे कायमचेच. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही चामराजपेटेत भाड्याने राहायचो. तिथे वायरिंगचं कुठलंही काम निघालं की अण्णा यायचे, आधी पायरीवर बसायचे, पाणी मागायचे. "सगळे धूर निघाल्यावर बोलावतात, अक्का. त्याआधी आमची आठवण कुणाला?" मीही तेव्हा थकलेलीच होते. साताऱ्याहून नुकतीच आलेली, नवरा कारखान्यात पाळ्या करणारा, मुलगी दीड वर्षाची, आणि कानडी म्हणजे बेकु, बेडा नि सरी, हवं, नको नि बरं, एवढीच. माझ्याशी मराठी बोलणारा बाहेरचा माणूस हा एकच. त्यांचे पूर्वज चार पिढ्यांमागे इकडे आलेले. घरात मराठी टिकली होती, पण घाई झाली की अण्णांच्या तोंडून कानडीच बाहेर पडायची.

आमच्या न्हाणीघरात नळाला हात लावला की मुंग्या यायच्या. घरमालक म्हणाले, "जुनं घर, स्वल्प अड्जस्ट माडी." म्हणजे थोडं चालवून घ्या. अण्णांनी नळ तपासला आणि गीझरच बंद करून टाकला.

"या घराला भूमीच न्हाई, अक्का."

भूमी म्हणजे अर्थिंग. प्लगला पिना तीन होत्या, पण तिसरीची तार भिंतीत शिरून पुढे कुठेच जात नव्हती. "गळका करंट जमिनीत जायाला वाट पायजे. वाट न्हाई मिळाली तर तुमच्यातनं जाईल. न्हाईतर पापूतनं." पापू म्हणजे माझी मुलगी. तिला ते कधी नावाने हाक मारत नसत.

घरमालक अंगण खणू देईनात आणि भूमीशिवाय अण्णा गीझर चालू करीनात. दोन आठवडे मी स्टोव्हवर पाणी तापवलं. तिसऱ्या आठवड्यात माझा तोल गेला. अण्णांना बोलावून म्हटलं, "तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरा माणूस बघते." पुन्हा एकदा तपासतो, म्हणाले.

तपासायला दोन मिनिटं फ्यूज परत बसवून गीझर चालू करावा लागला. अण्णा लाकडी स्टुलावर उभे, हातात तो दिवा. गीझरचा पाइप भिंतीपासून सुटून हलत होता. आपणच टाकून बोललो होतो, म्हणून मी मदतीला पुढे झाले. तोच ते ओरडले, "अक्का, मुट्टबेडी! मुट्टबेडी!"

माझ्या सातारी कानांना ऐकू आलं ते मूठ आणि बेडी. वाटलं, पाइप घट्ट धर म्हणतायत, बेडी घातल्यासारखा. मी धरला.

मुट्टबेडी म्हणजे हात लावू नका. हे नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की माझी बोटं माझं ऐकत नव्हती; मी सोडायला जात होते आणि मूठ आणखी आवळत होती. अण्णांनी खाली उडी मारली आणि तेच स्टूल उचलून माझ्या मनगटावर हाणलं. हात सुटला. मग धावत जाऊन त्यांनी फ्यूज काढला, पण तो खिशात न टाकता हातातच धरून ठेवला.

आम्ही दोघं पायरीवर येऊन बसलो. माझं मनगट सुजलं होतं, पण मी आपली पापू झोपलेल्या खोलीच्या दाराकडेच बघत होते.

"शिवू नका म्हणायचं होतं मला," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "माझ्याच आईची भाषा. येळेला आली न्हाई." थोड्या वेळाने त्यांनी स्वतःचा पंजा माझ्यापुढे उघडला आणि मिटला. "करंट मूठ मिटवतो, अक्का. सरळ हात लावला की तारेसकट मिटते, उलटा लावला तर तारेपासनं लांब जाते. म्हणून म्या उलटा हात लावतो." मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

रविवारी सकाळी अण्णा पहार घेऊन आले आणि कुणाला न विचारता अंगण खणायला लागले. घरमालक तावातावाने आले. अण्णांनी मान वरही केली नाही. "मी खणतोय. बोलायचं ते मला बोला." खड्ड्यात तांब्याची पट्टी पुरून घरातली तिसरी तार तिला जोडली, कोळसा घातला, मीठ घातलं, वरून पाणी सोडलं. जाताना बजावून गेले, "उन्हाळ्यात भूमीला पाणी घालायचं विसरू नका. सुकली की करंटला वाट न्हाई." पुढची सहा वर्षं मी तुळशीला पाणी घातलं की उरलेलं त्या खड्ड्यात ओतत असे. पापू त्याच नळाखाली न्हाऊन मोठी झाली.

ते घर सोडायच्या आधी कळलं की अण्णांना अर्धांगवायूचा झटका आलाय. भेटायला गेले. उजवा हात चादरीवर पडलेला, मूठ घट्ट वळलेली. त्यांच्या बायकोने मला बाजूला घेतलं. "मराठी गेली, कानडी गेली. एकच शब्द राहिलाय. डॉक्टरांनी मूठ उघडायला हात लावला, मी लावला, लेकानं लावला, तरी तोच. मुट्टबेडी, मुट्टबेडी."

मी खाटेशी बसले. मग हात उलटा केला आणि बोटांची मागची बाजू त्या मुठीला टेकवली. अण्णांनी हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तो शब्द आला नाही. एक लांब सुस्कारा तेवढा आला.