दगडांवरचा चिनी गुलाब

बोअरवेल खोदताना निघालेले काळे दगड आम्ही फाटकाजवळ रचून ठेवले होते. त्यांच्या फटींत मी चिनी गुलाबाच्या काड्या खोचल्या. नंदुरबारच्या उन्हात तिथे दुसरं काहीच तगलं नव्हतं. हा मात्र जाड, रसरशीत पानांनी दगडांवर गोधडीसारखा पसरला.

नवऱ्याला पक्षाघात झाला, उजवी बाजू आणि वाचा गेली. तेव्हापासून तो ओट्यावर खुर्चीत बसून ही फुलं उमलायची वाट बघायचा. ऊन चढलं की गुलाबी, पिवळी फुलं उघडायची आणि तो डावा हात हलवून मला बोलवायचा.

पुतणीचा, म्हणजे धाकट्या दिराच्या मुलीचा, साखरपुडा आमच्या अंगणात ठरला. आदल्या दिवशी मी औषधं घेऊन परतले, तर दगड गायब. तिथे प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलेलं, आणि दीर त्याच्या कडा पायाने दाबत होता.

“तण व्हतं ते, वहिनी. पाव्हना काय म्हनतीन?”

“तुन्हा भाऊले इचारं का?”

“त्यासले आते काय समजस?”

त्याला आता काय कळतं, असं दीर म्हणाला, आणि त्याचा सख्खा भाऊ, माझा नवरा, ओट्यावर बसून ऐकत होता. तो मघापासून काठी आपटत होता, म्हणून आपण त्याला पाणी नेऊन दिलं, असं जाऊबाईंनी सांगितलं. माझ्या मस्तकात तिडीक गेली. तो थांबवत होता, आणि यांनी त्याच्या तोंडाला पेला लावला. मी ते गवत ओढलं, गुंडाळी केली आणि कुंपणाबाहेर भिरकावली. दगड परत आल्याशिवाय इथे मांडव लागणार नाही, हे व्याह्यांनाही फोन करून सांगेन म्हटलं.

नाल्यात टाकलेले दगड दिराने संध्याकाळी ट्रॉलीत भरून आणले. त्यांना चेंगरलेल्या काड्या चिकटल्या होत्या. तो दगड कसेतरी लोटायला लागला, तेव्हा मी त्याला अडवलं. प्रत्येक दगड कुठे ठेवायचा ते तुझ्या भावाला विचार, म्हणाले. नवरा डाव्या हाताने जागा दाखवत गेला. विचार करायला त्याला वेळ लागे, आणि तोवर दीर दगड पोटाशी धरून घामाघूम उभा राही. मला त्याची जराही दया आली नाही.

साखरपुडा झाला. मी पंगतीत वाढलं, पुतणीला साडी नेसवली. काड्याही जगल्या. दिराशी मात्र मी अजून बोलत नाही. तो नवऱ्याला भेटायला येतो, तेव्हा मी चहा ठेवते आणि आत निघून जाते.