हड्डी आमची, चामडी तुमची

लेक सातवीत. गणिताच्या तासाला समजलं नाही म्हणून हात वर केला की मॅडम तिला तास संपेपर्यंत उभं ठेवायच्या आणि अख्खा वर्ग हसायचा. कितीतरी दिवस ती हे कुणाला बोलली नाही. शेवटी मला सांगितलं, तेही बजावून, "पालकसभेत मॅडमले नीट सांगजो वं आई. भांडजो नको."

माझा स्वभाव तिला ठाऊक. म्हणून मी भाजी चिरताना गोड शब्द घोळवत होते.

नवऱ्याची कोराडीच्या वीज प्लांटमध्ये सकाळची पाळी होती, म्हणून सभेला माझ्यासोबत सासरे निघाले. कडक इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले बूट, जणू सोयरीक जमवायला चाललेत. नातीवर जीव टाकणारा माणूस. पण घरचा हातमाग सुटला आणि पोटाला नोकरी मिळाली ती मास्तरांच्या माराने, अशी त्यांची पक्की समजूत. शाळेची पायरी चढतानाही ते आधी वाकून हात लावतात.

वर्गाबाहेर रांग होती. मुलीला सोबत आणायचं, असा शाळेचा नियम. आमची पाळी आली. मॅडमनी मान वर न करता म्हटलं, "हिचं लक्ष नसतं. तेच तेच विचारते."

मी तोंड उघडलं. "मॅडम, त्याचंच बोलायचं होतं..."

तेवढ्यात सासऱ्यांनी हात जोडले. "मॅडम, तुम्ही काही संकोच करू नका. हड्डी आमची, चामडी तुमची. चुकली तर खुशाल ठोका. आमच्या घरून कोणी विचाराले येनार नाही."

म्हाताऱ्याने आदरापोटीच म्हटलं, हे मला कळत होतं. त्यांच्या काळी पोराला शाळेत घालताना बाप हेच बोलायचा. तरी त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. मॅडमचा चेहरा खुलला. "ऐकलंस ना आजोबा काय म्हणतात?" लेकीने मान हलवली. मी पुन्हा बोलू लागले, तर मागच्या बाई घड्याळ दाखवू लागल्या आणि मॅडमनी पुढचं नाव पुकारलं. करायला गेलो एक नि झालं भलतंच.

परतीच्या बसमध्ये सासरे खुशीत होते. "मॅडम चांगल्या आहेत, सूनबाई." मी खिडकीबाहेर कोळशाचे ट्रक बघत राहिले. लेकीने डोळे मिटून घेतले होते, झोपली नव्हती. मी मनाशी म्हटलं, सोमवारी एकटी जाऊन बोलेन.

सोमवारी माझं जाणं झालं नाही. रात्री जेवायला बसलो तर तिने वरणभात कालवला नाही, चमचा मागितला. मी तिचा उजवा हात ओढून उघडला. तळवा सुजला होता. सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

"मले काहून नाही सांगितलं?" मी ओरडलेच.

तिने हात सोडवून घेतला.

"तुले सांगून काय होते वं आई?"