विहीर एकच

दुष्काळात शहराच्या टँकरांसाठी मी मोबाइल ॲप लिहीत होतो. ‘टँकर’ या क्लासमध्ये, म्हणजे प्रत्येक टँकरच्या नोंदीच्या साच्यात, गाडीचा नंबर, चालक आणि विहिरीतलं पाणीही टाकलं; म्हणजे प्रत्येक टँकरच्या नावावर वेगळं पाणी.

ॲप तपासायला पाचोडजवळच्या विहिरीवर गेलो, तर तिथं एक चालक खांद्यावर पाइप टाकून उभा होता.

“भाऊ, ॲपमध्ये भरपूर पाणी दिसतंय. भरा,” मी म्हणालो.

त्यानं दोर आत सोडला, वर ओढला आणि ओलं टोक माझ्यापुढं धरलं. जेमतेम वीतभर.

“आधी तिघं भरून गेले, ते तुमच्या मोबाइलला कळलंच नाय. टँकर लई हायेत साहेब, विहीर एकच. उरलेलं गावाचं. मी भरत नाय.”

“वर कळवावं लागेल.”

“कळवा की!”

तो रिकामा टँकर घेऊन निघून गेला. मी काठावरच लॅपटॉप उघडून बसलो, ॲपमध्ये सगळ्या टँकरांना मिळून पाणी एकच केलं आणि दोरावर दिसलं तेवढंच त्यात टाकलं. पडद्यावर प्रत्येक टँकरपुढं तेच माप आलं: वीतभर.