विसरलेल्या संगीतकाराला वन्स मोअर

“वन्स मोअर!” आमचे काका पहिल्या रांगेतून एवढ्याने ओरडले, की अल कुसैसच्या त्या हॉलमधला एसी दचकून बंद पडला. स्टेजवरचा टकला इटालियन कीबोर्डवरून हात उचलून बघतच राहिला.

नव्वदच्या दशकातली, आम्ही आखातात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला कुणीतरी आपल्या ऑफिसातला हा पाहुणा आणला होता. तो वाजवत होता त्याच्या गावच्या एका विसरलेल्या संगीतकाराची रचना. सुरू करण्यापूर्वी म्हणाला, “जुन्या बरोक शैलीचे संगीतवाले म्हणाले, हा उशिरा जन्मला. त्यांच्यानंतरचे क्लासिकलवाले म्हणाले, घाई केली. मधल्या मध्ये खलास!” मग रुमालाने आधी टक्कल पुसलं, नंतर डोळे. ती रचना त्याच्या बायकोनेही कधी शेवटपर्यंत ऐकली नव्हती म्हणे.

इथे मात्र काका ओरडत होते आणि अख्खा हॉल त्यांना साथ देत होता. तीनदा वाजवून तो खाली उतरला आणि काकांचे दोन्ही हात धरून हुंदके द्यायला लागला. मला म्हणाला, “विचार ना, यांना नेमकं काय आवडलं?”

मी विचारलं.

काका म्हणाले, “आवडायचंय काय त्यात? जेवणाची व्हॅन शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलीय.”