गटारावरच्या फरशीवरून

आमच्या गल्लीतल्या काकूंनी मला चालतं ठेवलं, हे आधी सांगते. त्या एका कचेरीतून निवृत्त झालेल्या, एका गुडघ्यात अधू, हातात काठी. त्या नसत्या तर माझ्या लेकीचं काय झालं असतं, हा विचार अजूनही पुरता करवत नाही.

मी राजूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतली. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन नगरला आले. नवरा एमआयडीसीत कामाला. पोटुशी असताना रक्तात साखर निघाली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, रोज जेवणानंतर चाला, पुढच्या तपासणीत उतरली नाही तर इन्सुलिनच्या सुया सुरू. मला हसूच आलं. डोक्यावर ओझं घेऊन डोंगर उतरून बाजाराला जाणारी मी, मला चालायला शिकवतात.

पण चालायचं कुठं? दाराबाहेर मोठा रस्ता, त्यावर ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या. कडेला मोटारसायकली, हातगाड्या. पहिल्याच दिवशी एका गाडीचं हँडल कोपराला लागलं. पोटाला लागलं असतं तर? मग मी खोलीतच भिंतीपासून भिंतीपर्यंत फिरायला लागले. डोकं गरगरायचं.

तपासणीच्या दिवशी उपाशीपोटी निघाले. आमच्याकडं हात केला की येष्टी कुठंही थांबते. शहर बस येताना दिसली तशी मी हात वर करून रस्त्यात उतरले. बस थांबली नाही. तिच्या मागून ट्रक आला. कुणीतरी माझा पदर धरून मागं ओढलं, तेव्हा कुठं ट्रकचा हॉर्न मला ऐकू आला.

काकू होत्या. इतके दिवस नुसती तोंडओळख.

"ही काय तुझ्या वाडीची येष्टी आहे, हात केला की थांबायला? स्टॉप पलीकडं आहे."

काकूंनी लगेच रस्ता ओलांडू दिला नाही. पलीकडं जाणारी आणखी चार माणसं जमेपर्यंत थांबवलं, मग काठी आडवी धरून सगळ्यांना एकदम नेलं. एकट्याला गाडीवाले मोजत नाहीत, घोळक्याला ब्रेक लावतात, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्यातही त्या बरोबर आल्या. साखर होती तिथंच होती. बाईंनी आणखी एकदाच मुदत दिली.

संध्याकाळी काकू दारात हजर. रस्त्याकडेच्या गटारावर फरश्या टाकलेल्या आहेत, कोपऱ्यापासून शाळेच्या भिंतीपर्यंत. तोच आपला फुटपाथ, म्हणाल्या. पण त्यावर मधोमध बेकरीवाल्याचा फ्रीज आणि पाटी. त्याला वळसा घालायचा म्हणजे पुन्हा ट्रकांपुढं. काकूंनी बेकरीवाल्याला ते हटवायला सांगितलं.

"काकू, फरशी काय तुमच्या नावावर हाय का?" बेकरीवाला म्हणाला.

"नाही. तुझ्याही नाही. म्हणून तर चालायची आहे."

त्यानं कुरकुरत फ्रीज भिंतीला सरकवला, पाटी उचलली. वर म्हणाला, गिऱ्हाईक तुटलं तर रोज पाव तुम्हीच घ्यायचा. काकू म्हणाल्या, साखरवालीला पाव विकतोस, लाज आहे का. तोही हसला. दुसऱ्या दिवशी पाटी परत फरशीवर. काकू तिथं उभ्या राहून पाटीवर काठी वाजवत राहिल्या, तो बाहेर येईपर्यंत. असं रोज. मी मान खाली घालून मागं उभी. हा माणूस एक दिवस अंगावर येईल, अशी भीती वाटायची. आला नाही. पुढं पुढं आम्ही दिसलो की त्याची बायकोच पाटी आत घ्यायची.

तपासणीला पुन्हा रक्त दिलं, तेव्हा बाकावर मी काकूंचा हात इतका दाबून धरला होता की त्यांच्या बांगडीचा वळ माझ्या तळहातावर उठला. साखर उतरली होती. सुया टळल्या. लेक धडधाकट झाली.

आता ती त्याच फरशीवरून चालते, बोट धरून. खरा फुटपाथ अजून झालेला नाही. मध्ये कुणी त्याच्या मापाची चुन्याची रेघ मारून गेलं, पावसात तीही गेली. काकूंचा गुडघा मात्र पार सुजला. त्या उंबऱ्यापर्यंतच येतात. रस्त्यापलीकडच्या बागेत एकदा बसायचं होतं गं, म्हणतात, पण तो रस्ता ओलांडणं आता माझ्यानं व्हायचं नाही.

काकू, ते माझ्याकडं लागलं. गुडघ्याची सूज जरा उतरू द्या. चार माणसं मी जमवीन, काठी मी आडवी धरीन. त्या बागेत तुम्हाला मी नेणार.