काम तो करूंगी ना

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं ठरलेलं. माझी नणंद अमेरिकेत होती आणि तिला सातवा लागला होता. पण त्या दोघांचे तिथं राहण्याचे कागद मधेच लटकलेले. एकदा बाहेर पडली तर परत आत घेतील का, हे जावईबापूंनाही सांगता येईना. मग माहेरानंच तिकडं जायचं ठरलं. माहेर म्हणजे माझ्या सासूबाई, ज्या आष्टी सोडून आजवर कुठं गेल्या असतील तर ऊस तोडायला.

नणंदेचा फोन घरातूनच यायचा. बाहेर असली की उचलायची नाही. एकदा दुकानाच्या रांगेत ती आईशी मराठीत बोलत होती, तर मागचा माणूस ओरडला, आपल्या देशात जाऊन बोल म्हणून, आणि सामानाची गाडी तिच्या कमरेवर ढकलली. रांगेतली बाकीची माणसं मान खाली घालून मोबाइल बघत राहिली. हे सांगताना ती रडली. मला इतका संताप आला की हातातलं लाटणं मी भिंतीवर फेकलं.

सासूबाई मात्र शांत. "ऊसतोडीला गेलो की आमाला बी तिकडं नळावर पानी भरू देत नव्हते," त्या म्हणाल्या. "बीडचे चोरटे आले म्हनायच्या बाया, आन् हांडे घरात घ्यायच्या. आपन कामाला लागलो, कुनाला भार न्हाई हे कळलं, की आपोआप गप बसत्यात." त्यांचं सगळं जगणं त्या एका समजुतीवर चाललं होतं.

डिंकाचे लाडू त्यांनी स्वतः वळले. बाळंतशोपा निवडली, ओवा भाजला. मला हात लावू दिला नाही. आमचे हे म्हणाले, "माय, तिकडं कुनाशी जास्त बोलू नको." पण न बोलणं हे त्यांना जन्मात जमलेलं नाही.

तिथल्या विमानतळावरच्या साहेबाजवळ मराठी जाणणारं कुणी नव्हतं. फोनवर हिंदीवाला दुभाषा दिला. सासूबाईंची हिंदी म्हणजे आष्टीच्या बाजारातल्या बांगडीवाल्या भाभीकडून उचललेली. पुढचं त्यांनीच आम्हाला कितीदा तरी सांगितलं.

दुभाष्यानं विचारलं, इधर क्यूं आए?

"बेटी का बाळंतपन करने को."

त्याला बाळंतपण कळेना. मग त्यांनी समजावलं: बाई को न्हिलाना, बच्चे को तेल लगाना, धुनी देना, रोटी करना.

काम करोगी?

"काम तो करूंगी ना. बैठ के कौन खिलाता?" हे त्या छाती पुढं काढून म्हणाल्या असणार. मला माहीत आहे त्यांचा तो आवाज.

बेटी बदले में कुछ देगी?

"देगी ना. लुगडा देगी."

झालं. बाई मजुरीला आली आहे आणि मजुरीही ठरली आहे, असं त्या साहेबानं धरलं. त्यांना एका खोलीत नेलं. लाडूंचा डबा त्यांच्यासमोर कचऱ्यात उपडा केला. अंगावरचं सगळं काढा म्हणाले, पिना, जोडवी, मंगळसूत्र. काचेच्या दोन बांगड्या मनगटातून निघेनात, त्या फोडल्या. माझे सासरे इथं धडधाकट बसलेले, आणि तिकडं एका परक्या बाईनं सासूबाईंच्या हातातल्या बांगड्या फोडल्या. नणंद बाहेर पोट धरून उभी होती. तिला नुसता निरोप मिळाला की आई बाहेर येणार नाही, घरी जा. मिळेल त्या विमानानं त्यांना माघारी धाडलं.

गावानं काही कमी केलं नाही. चहाच्या टपरीवर एक जण आमच्या ह्यांना म्हणाला, "काय बे, म्हातारीला गोऱ्यांनी हाकलून दिली म्हनं?" सगळे हसले. ह्यांनी तो राग घरी येऊन आईवर काढला. "तुला सांगितलं व्हतं ना गप बस म्हनून? कावून बोललीस?" सासूबाईंनी विचारलं, "पन मी खोटं काय बोलले?" त्यावर हे आणखी ओरडले.

नणंदेचं पोट फाडून मुलगा काढला. जवळ माहेरचं कुणी नव्हतं, जावईबापू कामावर. टाके ओले असताना तिनं स्वतःच उठून भात लावला.

पोरगं रांगायला लागल्यावर जावईबापू म्हणाले, आणखी एकदा अर्ज करून बघू. मी सासूबाईंना मुंबईला अमेरिकेच्या व्हिसा कचेरीवर घेऊन गेले. या खेपेला खिडकीशी मराठी बोलणारी बाई होती. मला आत सोडलं नाही. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "इचारलं, तिकडं काय करनार? मी म्हनलं, मला कायबी काम येत न्हाई. नुसती बसून ऱ्हाईन." लहानपणापासून डोक्यावर मोळ्या वाहिलेली ती बाई हे बोलली, आणि तरीही नाहीच म्हणाले. मला तिथल्या तिथं रस्त्यावर बोंब मारावीशी वाटली.

त्यानंतर नणंदेचा फोन आला. फोन सासूबाईंच्या हातात होता, आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"माय, आता परत अर्ज करू नको. तुझं नाव निघालं की आमचे बी कागद उघडत्यात. सध्या लई धरपकड चालू हाय. मला भ्या वाटतं."

सासूबाईंनी फोन तोंडाजवळ धरला. मागं पोरगं रडत होतं.

"कुनी इचारलं तर सांग, मला माय न्हाई," त्या म्हणाल्या.

नणंद म्हणाली, "बरं."